फ्यूजनं काम केलंय

'वितळतार' हा शब्द मी तीस वर्षं फळ्यावर लिहिला. शेजारी चौकोनात छोटी नागमोडी रेघ काढायची, खाली व्याख्या द्यायची आणि परीक्षेत दोन गुणांचा ठरलेला प्रश्न विचारायचा: वितळतारेचा द्रवणांक कमी का असतो? मुलं उत्तर पाठ करत, मी गुण देत असे. आणि आम्ही सगळेच घरी जाऊन मीटरशेजारच्या चिनीमातीच्या पांढऱ्या फ्यूजला तांब्याची जाड तार बांधत असू, कारण सारखा सारखा फ्यूज कोण बांधत बसणार! शिकवणं आणि बांधणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं मला कधी वाटलं नाही. तो संबंध ज्या माणसानं दाखवला त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो आहे, म्हणून आधी ही कबुली.

लेखकाचं नाव मुखपृष्ठावर आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना त्या नावानं हाक मारणारा मला तरी अजून भेटलेला नाही. ते सगळ्यांचे मामा. गाडीच्या वायरिंगचं काम ते चाळीस वर्षांहून अधिक काळ करताहेत आणि वितळतारेच्या पाठापर्यंत पोचायच्या आधीच त्यांची शाळा सुटली होती. आमची ओळख झाली ती माझ्या गाडीमुळे, किंवा खरं सांगायचं तर एका हिरव्या फ्यूजमुळे.

जुलै महिन्यातली गोष्ट. रत्नागिरीला निघालो होतो. मलकापूर मागे पडलं, अंधार पडायला लागला, तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं गाडी शेजारी घेऊन हातानं खुणावलं: मागचे दिवे बंद आहेत. समोरच्या मीटरमधला उजेडही गेला होता, ते मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. घाटाच्या अलीकडे रस्त्याकडेला एक दुकान उघडं दिसलं. तिथल्या पोरानं स्टेअरिंगखालचं झाकण काढलं, लाल रंगाचा एक फ्यूज उपसला आणि उजेडात धरून दाखवला. आतली तार तुटलेली. त्यानं दुसरा लाल घातला. दिव्याचं बटण फिरवलं आणि दोनतीन सेकंदांत तोही गेला. मग त्यानं डबीत बोटं फिरवून एक हिरवा काढला. "आता नाही उडायचा," तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं.

आंब्याच्या घाटात धुकं इतकं होतं की वीस-पंचवीसच्या वर गाडी नेता येत नव्हती. अर्धा घाट उतरल्यावर वास आला. वायरीवरचं प्लॅस्टिक जळताना येतो तो गोडसर, घशाशी अडकणारा वास. डिकीच्या वरच्या कोपऱ्यातून धुराची बारीक रेघ येत होती. दिवे बंद केले, बॉनेट उघडलं, दहा नंबरचा पाना नशिबानं गाडीत होता म्हणून बॅटरीची काळी वायर सोडवली आणि पावसात उभा राहिलो. विद्युतधारेच्या औष्णिक परिणामाचा इतका जवळून अनुभव मला कुठल्याच प्रयोगशाळेत आला नव्हता.

दोन दिवसांनी गाडी मामांच्या दारात. मी सांगितलं, "मामा, याचा फ्यूज सारखा जातोय." ते फ्यूजच्या पेटीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "फ्यूज गेला न्हाई सर. फ्यूजनं काम केलंय. त्यानं काम का केलं ते बघूया की."

या पुस्तकाचा गाभा या तीन वाक्यांत आहे. आपल्याला फ्यूज हा गाडीतला कच्चा भाग वाटतो, बल्बसारखा, वायपरच्या रबरासारखा. झिजला की बदलायचा. प्रत्यक्षात तो मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा आहे, आणि तो कशासाठी आहे याबद्दल बहुतेकांचा समज उलटा असतो. फ्यूज रेडिओ वाचवायला नसतो, वायपरची मोटर वाचवायलाही नसतो. तो वायर वाचवायला असतो. एखाद्या वायरीतून ती न तापता किती करंट जाईल, यावरून फ्यूजचा आकडा ठरतो. वायर तीच ठेवून फ्यूज मोठा केला, तर सगळ्यात कच्चा दुवा आता वायर झाली. आणि वायर जळते ती पेटीत नाही, तर गालिच्याखाली, छताच्या अस्तरात, पेट्रोलच्या नळीशेजारून जाताना.

माझ्याच गाडीचा हिशेब मामांनी पुढे मला करायला लावला. मागचे दोन दिवे पाच-पाच वॉटचे, पुढचे दोन बारीक दिवे तसेच, नंबरप्लेटचा एक, मीटरमधले बारकेसारके. एकूण तीसएक वॉट. बाराने भागलं की अडीच अँपिअर. त्या वाटेवर कारखान्यानं १० अँपिअरचा लाल फ्यूज दिला होता, म्हणजे गरजेच्या चौपट. तरीही तो दोन सेकंदांत गेला, याचा अर्थ कुठेतरी वीस-पंचवीस अँपिअर वाहत होते. अशा फ्यूजचं प्रमाण ठरलेलं असतं: आकड्याच्या दुप्पट करंट आला तर त्यानं पाच सेकंदांच्या आत तुटायचं, आकड्याच्या वर फक्त दहा टक्के गेला तर मात्र १०० तास तग धरायचा. हिरवा फ्यूज ३० चा. पंचवीस अँपिअर त्याच्यातून जन्मभर गेले असते आणि त्यानं हूं की चूं केलं नसतं. सुतळीपेक्षा बारीक वायर मात्र शेगडीच्या कॉइलसारखी तापत राहिली.

रंगांचं हे गणित आता जगभर एकच आहे: ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा म्हणजे पारदर्शक, ३० चा हिरवा. दोन पात्यांचा हा प्लॅस्टिकचा फ्यूज १९७६ मध्ये अमेरिकेतल्या लिटेलफ्यूज कंपनीनं आणला. त्याआधी काचेच्या नळीतले फ्यूज होते, चिनीमातीच्या कांडीवर उघडी पट्टी असलेले होते. अ‍ॅम्बॅसिडर जिच्यावरून घडली ती मॉरिस ऑक्सफर्ड ज्या काळातली, त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत तर सगळ्या गाडीला मिळून दोनच फ्यूज असत. काचेचा फ्यूज गेला की त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, ही विद्या तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरला अवगत होती. पात्याच्या फ्यूजला चांदी गुंडाळता येत नाही. म्हणून आपण हिरवा घालायला शिकलो.

आता मामांनी माझ्या गाडीत काय केलं ते सांगतो, कारण पुस्तकाचं सगळ्यात लांब प्रकरण त्याच युक्तीवर आहे आणि मला ते सगळ्यात आवडतं. त्यांनी लाल फ्यूज घातला नाही, हिरवाही नाही. फ्यूजच्या दोन खाचांत एक साधा २१ वॉटचा बल्ब जोडला, इंडिकेटरमध्ये असतो तो. तप्त बल्बचा रोध सातएक ओम. त्यामुळे पुढे कितीही मोठा शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही. वायर तापत नाही, फ्यूजची डबी संपत नाही. शॉर्ट असला की बल्ब पूर्ण पेटतो. नसला की तो गाडीच्या दिव्यांबरोबर व्होल्टेज वाटून घेतो आणि मंद होतो. बल्ब स्टेअरिंगखाली लोंबकळत ठेवून मामा उठले आणि गाडीभोवती फिरायला लागले. बॉनेटखालचे गुच्छ हलवले, बल्ब मंदच. दाराचे रबर दाबले, मंदच. डिकी उघडली, मंद. हळूच मिटत आणली आणि बल्ब भगभगून पेटला. पुन्हा उघडली, विझत आला. पाचसहा वेळा त्यांनी ती वरखाली केली, मला खात्री पटावी म्हणून. मग डिकीच्या बिजागरीशेजारचा रबराचा भाता सोलला. आत नंबरप्लेटच्या दिव्याची वायर इतक्या वर्षांच्या उघडझापीत मोडून तडकली होती, उघडं तांबं पत्र्याला घासत होतं आणि भोवतीच्या चार वायरींचं प्लॅस्टिक हिरव्या फ्यूजच्या कृपेनं एकजीव झालेलं.

चाळीस मिनिटं लागली. हत्यार म्हणाल तर एक बल्ब आणि दोन वायरींचे तुकडे.

मामांच्या पद्धतीत एक शिस्त आहे ती वाचकानं पानोपानी ओळखावी. ते सुटा भाग बदलून बघत नाहीत. करंट कुठून निघाला, कुठे पोचला आणि कुठे अडला, एवढंच विचारतात, आणि दर वेळी वाट निम्मी करत जातात. तुटलेला फ्यूजसुद्धा ते आधी वाचतात. आतली पट्टी नुसती मऊ होऊन मधोमध सुटलेली असेल आणि प्लॅस्टिक स्वच्छ असेल तर जादा भार. मोटर जड झाली असेल, कुणी मोठा बल्ब घातला असेल. प्लॅस्टिक आतून काळं पडून धातूचे शिंतोडे उडालेले असतील तर थेट शॉर्ट. आणि तार शाबूत दिसते म्हणून फ्यूज चांगला, असं कधीही धरायचं नाही. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे ठेवलेले असतात ते तपासण्यासाठीच. दोन्हीकडे टेस्टलॅम्प पेटला पाहिजे.

जादा भारावरून आठवलं. आपल्याकडे हेडलाइटच्या ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चा बल्ब घालायची फार हौस. एका बल्बला पाच अँपिअर लागायचे तिथे सव्वाआठ जातात. वायर तीच, बटण तेच, होल्डर तोच. उजेड वाढायचा तेवढा वाढतो, कारण बारीक वायरीतच व्होल्टेज गळतं, आणि होल्डर मात्र भाजल्या पापडासारखा होतो. मामांनी या विषयावर अ‍ॅक्सेसरीवाल्यांना जे झोडपलंय ते मला थोडं एकांगी वाटतं. मागणारे आपणच असतो. पण रिले लावून बॅटरीपासून जाड वायर स्वतंत्र न्यावी, ही त्यांनी दिलेली आकृती बिनचूक आहे. रिलेच्या पायांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मानकातले. उद्यमनगरातली पोरं ते पाढ्यांसारखे म्हणतात.

'अर्थ' या शब्दानं मात्र पहिल्यांदा माझी पंचाईत केली. गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणजे गाडीचा पत्रा, बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला. प्रत्येक दिव्यापर्यंत एक वायर जाते, परतीची वाट बहुधा पत्र्यातून. मामा एखाद्या गाडीखालून बाहेर येत म्हणायचे, "सर, हिला अर्थच न्हाई," तेव्हा मला वाटायचं ते तत्त्वज्ञानात शिरले. खराब अर्थ हा गाडीतला सर्वांत फसवा आजार. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की मागचा दिवा लुकलुकतो, वायपर चालू केला की रेडिओ खरखरतो. मालकाला वाटतं भुताटकी. करंट काही जागेवर थांबून राहात नाही. घरी जायची नेहमीची वाट बंद झाली की तो शेजाऱ्याच्या अंगणातून जातो, शेजारच्या बल्बमधून. एक स्क्रू काढून, पत्रा घासून, पुन्हा आवळला की तिन्ही भुतं एकदम उतरतात.

आणि इथेच मल्टिमीटर फसवतो. बारा वायरींच्या पेडातली एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. नळ बंद असताना गंजलेल्या पाइपलाही दाब पूर्णच असतो. बादली लावली की धार करंगळीएवढी. म्हणून दिवा चालू ठेवून मोजायचं, दिव्याचा अर्थ आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यामध्ये. पाव व्होल्टाच्या पुढे आकडा गेला तर अर्थमध्ये खोट. व्होल्टता मोजण्याचा हा धडा मी शिकवताना कधीही असा शिकवला नाही, याची आता थोडी लाज वाटते.

कोकणात आणि पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी सातवं प्रकरण सावकाश वाचावं. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ठेवलेलं ताक कळकतं, हे आपल्या आजीला माहीत होतं. गाडीच्या वायरीच्या टोकांनाही कल्हईच असते, कथिलाचा पातळ मुलामा. तो गेला की खारी हवा तांब्याला धरते आणि कपलरच्या आत तोच हिरवा कळंक चढतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरात बुडालेल्या गाड्या पुढच्या दिवाळीपर्यंत मामांकडे येत होत्या. पुराच्या दिवशी बंद पडलेल्या नव्हेत. वाळल्यावर नीट चाललेल्या आणि मग एकेक रोग दाखवू लागलेल्या. पाणी वाळतं, गाळ आणि क्षार राहतात. बॅटरी जोडलेली राहिली असेल तर त्या ओल्या गाळातून करंट झिरपत राहतो आणि धन टोकाकडचं तांबं अक्षरशः विरघळून जातं. म्हणून बुडालेल्या गाडीला किल्ली लावायची नाही. आधी बॅटरी सोडवायची, मग कपलर उघडून स्वच्छ पाण्यानं धुवायचे. पाण्यात भिजलेली गोष्ट पुन्हा पाण्यानं धुवा, हे ऐकून लोक मामांना वेड्यात काढतात.

रात्रीत बॅटरी बसण्याचं प्रकरण मी हस्तलिखितात दोनदा वाचलं. आजच्या गाड्या बंद असतानाही घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मृती यांसाठी थोडं खातात. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत चालतं. दिवसाला सव्वा अँपिअर-तास, ३५ ची बॅटरी महिनाभर जिवंत. पण कुणी कॅमेरा कायम चालू राहील असा जोडला आणि अर्धा अँपिअर जाऊ लागला, तर तिसऱ्या दिवशी गाडी सेल्फ मारत नाही. पूर्वी चोर शोधायला एकेक फ्यूज काढून बघत. आता तसं केलं तर फ्यूज परत लावताना झोपलेला संगणक जागा होतो आणि मोजमाप बिघडतं. मामा फ्यूज जागेवरच ठेवतात, त्याच्या डोक्यावरच्या त्या दोन ठिपक्यांमध्ये मिलिव्होल्ट मोजतात. करंट वाहत असेल तर फ्यूजच्या बारीक पट्टीवर थोडं तरी व्होल्टेज पडतंच. ही युक्ती त्यांना साठीच्या जवळ आल्यावर मुलानं दाखवली, हे त्यांनी स्वतःहून लिहिलंय.

नव्या गाड्यांबद्दल पुस्तक आखडतं घेतं आणि ते बरोबर आहे. बॉशनं १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली 'कॅन' व्यवस्था आता साध्या गाड्यांतही आली आहे: दोन पिळलेल्या वायरींवर सगळे संगणक आपसात बोलतात, काचेचं बटण आता काचेला करंट देत नाही, फक्त निरोप देतं. तिथे बल्बचा टेस्टलॅम्प लावला तर बल्ब जेवढा करंट खेचेल तेवढ्यानं संगणकातला भाग जाऊ शकतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही, बॅटरीवर चालणाऱ्या गाडीच्या नारिंगी केबलला तर मुळीच नाही. या दोन सूचना मामांनी चौकटीत छापायला लावल्या आहेत.

माझा मतभेद एकाच जागी. वायरीत करंट आहे का बघायला मामा सुई टोचतात. हाताला सवय आहे, टोचलेलं दिसतही नाही. पण त्या भोकातूनच पुढच्या पावसाळ्यात कळंक शिरतो, हे त्यांनीच सातव्या प्रकरणात लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. "मग टोचल्यावर टेप लावा म्हणून लिव्हा," ते म्हणाले. तसं लिहिलं आहे. मला अजून पटलेलं नाही.

शब्दांवरूनही आमचं बरंच झालं. मी पहिल्या खर्ड्यात 'विभवांतर', 'भूसंपर्कन' घातलं होतं. त्यांनी ती पानं तशीच परत केली. कारण सांगितलं नाही, नुसतं समोर बसलेल्या पोराला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला. तो तिसऱ्या ओळीत अडखळला आणि मी पेन्सिल उचलली. पुस्तकात आता करंट आहे, व्होल्टेज आहे, शॉर्ट आहे, अर्थ आहे. 'वितळतार' हा माझा लाडका शब्द तेवढा एकदा येतो, पहिल्या पानावर, कंसात.

घाटात उतरलेला तो हिरवा फ्यूज मी टाकला नव्हता. गाडीच्या कप्प्यात होता. आतली पट्टी सरळ, चकचकीत, नवा म्हणून पुन्हा विकता येईल असा. मामांनी तो पुस्तकासाठी मागून घेतला आणि माझ्या डिकीतून काढलेल्या वायरींच्या काळ्या गोळ्याशेजारी ठेवून त्याचं छायाचित्र काढवलं. ते तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. खाली ओळ लिहायची ठरली होती, पण नंतर त्यांनीच ती काढायला सांगितली.